बाकूत उन्हाळाभर अझरबैजानी शिकायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अझरबैजानी शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. ‘ॅ’ हे चिन्ह ‘बॅट’मधल्यासारखे वाचा. ‘ख़’ आणि ‘ग़’ घशातून, उर्दू वळणाने म्हणा. काही स्वरांना देवनागरीत नेमके चिन्ह नाही, तिथे जवळचे वापरले आहे. खरा उच्चार कानानेच पक्का करावा लागेल.

उन्हाळी निवासी अभ्यासक्रम म्हणजे नेमके काय?

साधारण जून ते ऑगस्ट या काळात 4 ते 8 आठवडे अझरबैजानच्या राजधानीत, बाकूत, राहून शिकायचे. सकाळी चार तास वर्ग, दुपारी संभाषण-जोडीदाराबरोबर तासभर बोलणे, आठवड्यातून एखादी सहल, आणि राहायला स्थानिक कुटुंब किंवा वसतिगृह. आठवड्याला 20 तास धरले तर 8 आठवड्यांत 160 तास वर्ग होतो. गृहपाठाला रोज दोन-तीन तास वेगळे ठेवा. संध्याकाळी ऑनलाइन नोकरी करून हे जमवू, असा बेत आखणारे तिसऱ्या आठवड्यात मागे पडतात. शब्दांचा साठा रोज वाढत असतो आणि दोन दिवसांची उजळणी बुडाली की वर्ग पुढे निघून जातो.

भारतातल्या विद्यार्थ्यांना वेळापत्रकाची अडचण येते. आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मे, तर हे वर्ग जूनच्या मध्याला सुरू होतात. पदवीचे शेवटचे वर्ष संपवलेल्यांना किंवा नोकरीतून रजा काढणाऱ्यांना ते सोयीचे पडतात. बाकीच्यांनी 4 आठवड्यांचा वर्ग शोधावा किंवा शिक्षक ठरवून मे महिन्यात वैयक्तिक तास घ्यावेत.

8 आठवड्यांत कितपत बोलता येईल?

बाजार, टॅक्सी, घरातल्या गप्पा, स्वतःबद्दल पाच-दहा वाक्ये आणि भूतकाळातली साधी हकिगत, एवढे नक्की. बातम्या ऐकून समजणार नाहीत. अमेरिकेची परराष्ट्र सेवा इंग्रजी भाषकांसाठी अझरबैजानीला ‘कठीण’ गटात टाकते आणि कामापुरते प्रावीण्य यायला 44 आठवडे, म्हणजे सुमारे 1100 तास धरते. त्यापुढे 160 तास म्हणजे सातवा हिस्सा. मराठी माणसाला व्याकरणात सूट मिळते (ते पुढे येईलच), शब्दसंग्रहात थोडी, उच्चारात फारशी नाही.

जाण्याआधी काय तयार असावे?

लिपी. एवढे तरी घरीच करा. लॅटिन लिपीची 32 अक्षरे आहेत आणि लेखन जवळजवळ उच्चारानुसार चालते, त्यामुळे चार-पाच दिवसांत ती हाताखाली येते. त्याबरोबर 1 ते 100 आकडे, वर्तमानकाळाचे सहा प्रत्यय आणि दोनशे शब्द आले, तर पहिला आठवडा अक्षरओळखीत वाया जात नाही.

फोनवर आणि लॅपटॉपवर अझरबैजानी कळफलकही आधीच बसवून घ्या. उलट्या इंग्रजी ‘ई’सारखे दिसणारे अक्षर (त्याचा उच्चार ‘ॲ’) साध्या ‘ई’ने लिहायची सवय एकदा लागली की सुटत नाही. तो वेगळा स्वर आहे आणि शब्दकोशात वेगळ्या जागी येतो. स्थानिक तरुण मात्र चॅटवर सर्रास आळस करतात. बिंदू-शेपट्या गाळतात, ‘श’च्या जागी डब्ल्यू टाकतात. ते वाचता यावे, लिहू नये.

जुन्या पुस्तकांची लिपी वेगळी का दिसते?

एकाच शतकात या भाषेची लिपी तीनदा बदलली. 1920च्या दशकापर्यंत अरबी, मग 1929 पासून लॅटिन, 1940च्या सुमारास सिरिलिक, आणि 1991च्या डिसेंबरमध्ये पुन्हा लॅटिन. 2001च्या ऑगस्टमध्ये सरकारी व्यवहार आणि छपाई पूर्णपणे लॅटिनवर आली, म्हणून 1 ऑगस्ट हा तिथे लिपी आणि भाषेचा दिवस मानतात. सेकंड-हँड पुस्तकांच्या दुकानात बहुतेक माल सिरिलिकमध्ये असतो, घेण्यापूर्वी उघडून पाहा. इराणमधले अझरबैजानी आजही अरबी-फारसी लिपीत लिहितात.

उच्चारात मराठी माणूस कुठे अडतो?

‘ॲ’ हा स्वर आपल्याला फुकट मिळतो, हिंदी भाषकांना तो कष्टाने करावा लागतो. ‘च’ मात्र जपून. मराठीत ‘चमचा’तला च वेगळा आणि ‘चहा’तला वेगळा. अझरबैजानीत फक्त चहावाला. ‘ज’ही ‘जीवन’मधला. ‘जोर’मधल्या ‘ज’साठी तिथे स्वतंत्र अक्षर आहे, ते नागरीत ‘ज़’ समजा.

अडचण तीन स्वरांची. ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हटले की एक, चंबू करून ‘ई’ म्हटले की दुसरा, आणि ओठ पसरून ‘ऊ’ म्हणायचा प्रयत्न केला की तिसरा, जो बिंदू नसलेल्या ‘आय’ने लिहितात. आरशासमोर उभे राहून करा, यात लाज नाही. ‘मुलगा-मुलगी’साठीचा ‘उशाख़’ (मूल) हा शब्द लिहिताना शेवटी ‘क्यू’ असतो पण कानावर ख़ पडतो, आणि पुढे स्वर आला की त्याचा ग़ होतो: ‘उशाग़ा’, म्हणजे मुलाला. पहिल्या दोन आठवड्यांत शब्द ऐकून शब्दकोशात न सापडण्याचे हे मुख्य कारण. आघात बहुधा शेवटच्या अक्षरावर येतो.

व्याकरण खरेच सोपे जाते का?

इंग्रजीतून शिकलात तर अवघड, मराठीतून विचार केलात तर बरेच सोपे. बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजी भाषकाला समोर ठेवून लिहिलेली असतात. ‘क्रियापद शेवटी येते’ हे समजवायला ती चार पाने खर्च करतात. ती पाने सोडा.

प्रत्यय नामाला मागून चिकटतात, आपल्यासारखेच. ‘एव’ म्हणजे घर, ‘एव्दॅ’ घरात, ‘एव्दॅन’ घरातून, ‘एविम्दॅ’ माझ्या घरात, ‘एव्लॅरिमिज़्दॅन’ आमच्या घरांतून. फरक इतकाच की ‘माझ्या’, ‘आमच्या’ हेही शब्दाच्या पोटातच जाते. सामान्यरूपाची भानगड नाही. लिंग तर नाहीच. ‘ओ’ म्हणजे तो, ती, ते, सगळेच.

खरी गंमत क्रियापदांत आहे. ‘बाजारा गेदिब चोरॅक आल्दिम’ याचे मराठी ‘बाजारात जाऊन पाव घेतला’. ‘गेदिब’ म्हणजे शब्दशः ‘जाऊन’. ‘गॅलॅ बिलिरॅम’ म्हणजे ‘येऊ शकतो’, तोच क्रम, तीच जोडणी. ‘ओख़ुदुग़ुम किताब’ म्हणजे ‘मी वाचलेले पुस्तक’, ‘गॅलॅन आदाम’ म्हणजे ‘येणारा माणूस’. ‘याग़िश याग़िर देयॅ गेत्मॅदिक’ म्हणजे ‘पाऊस पडतोय म्हणून गेलो नाही’, आणि ‘देयॅ’ हा शब्द ‘म्हणणे’ याच धातूपासून आलेला, अगदी आपल्या ‘म्हणून’सारखा. इंग्रजी माध्यमातले विद्यार्थी या रचनांशी महिनाभर झुंजतात. चहा-बिहा, पुस्तक-बिस्तक यांचीही सोय आहे, फक्त ‘ब’च्या जागी ‘म’ येतो: चाय-माय, किताब-मिताब.

नवीन गोष्ट म्हणजे स्वरसंवाद. शब्दातला शेवटचा स्वर पुढचा की मागचा, यावर प्रत्ययाचा स्वर ठरतो. किताब-लार, पण एव-लॅर. काही प्रत्ययांना दोन रूपे, काहींना चार. नियम दहा मिनिटांत समजतो, जिभेवर यायला पाच आठवडे लागतात. तक्ते पाठ करण्यापेक्षा प्रत्येक नवे नाम ‘-दा/-दॅ’ लावूनच वहीत लिहा.

एक हमखास चूक: ‘ही, सुद्धा’ या अर्थाचा ‘दॅ’ सुटा लिहायचा आणि ‘मध्ये’ या अर्थाचा जोडून. ‘मॅन दॅ’ म्हणजे मीही, ‘मॅन्दॅ’ म्हणजे माझ्यात किंवा माझ्याजवळ.

शब्द ओळखीचे निघतात म्हणे?

फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आलेले पुष्कळ शब्द तिथे भेटतात: बाजार, दुकान, मैदान, शहर, कागद, हिशोब, खर्च, जवाब, सवाल, खबर, वकील, तंदूर. उच्चार थोडे वेगळे, पण ओळख लगेच पटते. चहाबरोबर बशीत येणारा ‘मुरॅब्बॅ’ हा आपला मुरंबाच. ‘हावा’ म्हणजे हवा, आणि आपल्यासारखाच हवामानालाही तोच शब्द.

पण काही शब्द फसवतात. ‘पुल’ म्हणजे पैसे. ‘दिल’ म्हणजे जीभ किंवा भाषा, हृदयाला ‘उरॅक’ म्हणतात. ‘दॅफ्तॅर’ म्हणजे वही. ‘ख़ॅस्तॅ’ म्हणजे आजारी. ‘केफ’ हा आपला कैफ असला तरी अर्थ मनःस्थिती, म्हणून ‘केफिन नेजॅदिर?’ या प्रश्नाने बिचकू नका, ‘कसं काय?’ एवढेच विचारलेले असते. ‘चाय’ म्हणजे चहाही आणि नदीही.

तुर्की थोडी येते. फायदा होईल?

पहिले दोन आठवडे भरपूर, नंतर नुकसान. दोन्ही भाषा तुर्की भाषाकुळातल्या ओघुज या एकाच गटातल्या आणि बाकूत तुर्की दूरदर्शन सगळे पाहतात, त्यामुळे तुम्ही तुर्कीत बोललात तरी लोकांना समजते. समजते म्हणून कोणी दुरुस्त करत नाही, आणि आठ आठवड्यांनी तुम्ही तीच तुर्की थोड्या वेगळ्या हेलात बोलत परत येता. शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा की तुर्की रूप आले की थांबवा.

अर्थही घसरतात. ‘साबाह’ तुर्कीत सकाळ, इथे उद्या. ‘किशी’ तुर्कीत व्यक्ती, इथे पुरुष. ‘सुबाय’ तुर्कीत लष्करी अधिकारी, इथे अविवाहित. ‘दुश्मॅक’ तुर्कीत पडणे, इथे उतरणेसुद्धा, त्यामुळे ‘विमान उतरते आहे’ हे वाक्य ऐकून तुर्क प्रवासी हादरतो, असा विनोद दोन्हीकडे सांगतात. प्रश्नार्थक प्रत्यय तुर्कीत हवाच, बाकूच्या बोलण्यात तो गाळून नुसता आवाज चढवतात: ‘गॅलिरसॅन?’

बाकूत सगळे रशियन किंवा इंग्रजी बोलतात, मग शिकणार कसे?

निवासी अभ्यासक्रम फसण्याचे पहिल्या क्रमांकाचे कारण हेच. शहराच्या मध्यभागी, निझामी रस्त्यावर किंवा किनाऱ्यालगतच्या बुलेवारवर, परका चेहरा दिसला की समोरचा इंग्रजीत किंवा रशियनमध्ये सुरू होतो. तो सौजन्याने करतो. तुमचा सराव मात्र बुडतो. बाकूत रशियन माध्यमाच्या शाळा आजही भरतात आणि काही घरांत आपसातले बोलणेही रशियनमध्येच चालते. तेव्हा ‘बाकूत राहिलो म्हणजे कानावर पडत राहील’ या भरवशावर राहू नका. मुद्दाम व्यवस्था करावी लागते.

अर्ज करतानाच यजमान कुटुंबाबद्दल एकच प्रश्न विचारा: जेवताना घरात कोणती भाषा बोलतात? उत्तर ‘दोन्ही’ असेल तर दुसरे घर मागा. राहायला मध्यभागाऐवजी मेट्रोने पंधरा-वीस मिनिटांवरची वस्ती बरी. भाजी मॉलमध्ये न घेता बाजारात घ्या, तिथे भाव विचारावाच लागतो. टॅक्सीवाल्याशी गप्पा मारा. ‘नॅ वार, नॅ योख़?’ (काय आहे, काय नाही?) एवढ्यावर गाडी सुरू होते. वर्गातल्या परदेशी मित्रांबरोबर रोज संध्याकाळी कॉफी पिऊ नका. हे कटू वाटेल, पण दिवसाचे दोन तास तिथेच जातात.

पाच वाक्ये पहिल्या दिवसापासून तोंडात ठेवा. ‘मॅन रुसजा बिल्मिरॅम’ (मला रशियन येत नाही). ‘आज़ॅरबायजानजा दानिशिन, ख़ाहिश एदिरॅम’ (कृपया अझरबैजानीत बोला). ‘याव्हाश दानिशिन’ (हळू बोला). ‘बिर दॅ देयिन’ (पुन्हा सांगा). ‘बु नॅ देमॅक्दिर?’ (याचा अर्थ काय?). पहिले वाक्य रशियन येत असली तरी म्हणा.

मग बाकूऐवजी दुसरीकडे जावे का?

गॅन्जा किंवा शेकी या शहरांत रशियन-इंग्रजी कमी, त्यामुळे सराव जास्त. पण परदेशी विद्यार्थ्यांना शिकवणारे अनुभवी शिक्षक तिथे कमी, आणि शेकीची बोली इतकी वेगळी की तिच्यावर विनोद आहेत. नवशिक्याने बाकू घ्यावे आणि शेवटचे आठ-दहा दिवस शेकीला काढावेत. जॉर्जियातल्या मार्नेउली भागातही अझरबैजानी भाषकांची मोठी वस्ती आहे. इराणमधले तबरीझ या भाषेचे महत्त्वाचे केंद्र असले तरी तिथली लिपी वेगळी आणि शाळा फारसीतून, म्हणून पहिल्या खेपेला नको.

यजमान कुटुंबात कसे वागावे?

बूट दाराशी, घरात सपाता. वडीलधाऱ्यांना ‘सिज़’ (तुम्ही), बरोबरीच्यांना त्यांनी सांगितल्यावर ‘सॅन’ (तू), हे आपल्याला शिकवावे लागत नाही. शिक्षिकेला नाव आणि पुढे ‘मुअॅल्लिमॅ’, शिक्षकांना ‘मुअॅल्लिम’. मात्र ‘मुअॅल्लिम’ शिक्षक नसलेल्या प्रतिष्ठित पुरुषालाही आदराने म्हणतात. जेवण झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला ‘ॲलिनिज़ॅ साग़्लिख़’ म्हणा, हाताला आरोग्य लाभो असा अर्थ. पाव जमिनीवर किंवा कचऱ्यात टाकू नका, ते अपशकुनी मानतात.

शाकाहारी आहे. निभावेल का?

निभावते, पण ‘शाकाहारी’ हा शब्द वापरून नाही. ‘मॅन ॲत येमिरॅम’ (मी मांस खात नाही) म्हटले तरी कोंबडी आणि मासे पुढे येऊ शकतात, कारण ‘ॲत’ म्हणजे अनेकांच्या मनात बोकड-गाय. म्हणून जोडा: ‘तोयुख़ दा, बालिख़ दा येमिरॅम’ (कोंबडीही नाही, मासेही नाही). खाण्यासारखे पुष्कळ आहे: पालेभाजी भरलेला पातळ कुताब, पालेभाज्या आणि अंड्यांचा कुकु, दही-तांदूळ-हिरव्या पाल्याची दोवग़ा, टोमॅटो-अंडी, मसूर सूप, चीज, तंदूरचा पाव. दोल्मा मात्र वांग्याचा दिसला तरी आत बहुधा खिमा असतो. अंडी न खाणाऱ्यांनी आणि जैनांनी स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यावी.

व्हिसाचे काय?

भारतीय पासपोर्टवर ‘आसान’ या सरकारी संकेतस्थळावरून ई-व्हिसा मिळतो, नेहमीच्या पद्धतीने 3 कामकाजाच्या दिवसांत. पासपोर्टची मुदत ई-व्हिसा संपल्यानंतर किमान 3 महिने शिल्लक हवी. नावाची अक्षरे पासपोर्टमध्ये आहेत तशीच भरा. मधले नाव गाळले की विमानतळावर अडचण येते, आणि वडिलांचे नाव मध्ये लावणाऱ्या आपल्या लोकांकडून ही चूक फार होते.

आता खरा सापळा. एकदा प्रवेशाच्या ई-व्हिसावर मुक्काम 30 दिवसांचाच. 6 किंवा 8 आठवड्यांच्या वर्गाला तो पुरत नाही. तेव्हा प्रवेश निश्चित होताच संस्थेला विचारा की दूतावासातून शिक्षणासाठीचा व्हिसा काढायला ती निमंत्रणपत्र देते, की तिथे गेल्यावर राज्य स्थलांतर सेवेकडे मुक्काम वाढवून घ्यायचा. वाढीव मुक्कामाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 3 कामकाजाचे दिवस आधी करावा लागतो. शेवटच्या दिवशी गेलात तर उशीर झालेला असतो. ‘शेजारच्या देशात जाऊन परत येऊ’ हा जुना उपाय महागात पडतो. 2020च्या मार्चपासून जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या गेल्या आणि ती मुदत वारंवार वाढवली गेली. जॉर्जियाची राजधानी तबिलीसीहून रात्रीच्या रेल्वेने बाकूला येण्याचे जुन्या प्रवासपुस्तकांतले सल्ले म्हणूनच विसरा आणि विमानाचाच हिशोब धरा.

पोचल्यावर कोणती कागदपत्रे करावी लागतात?

15 दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर राहत्या पत्त्याची नोंदणी स्थलांतर सेवेकडे 15 दिवसांच्या आत. हॉटेल ती स्वतः करते. घरी राहत असाल तर यजमानाने अर्ज भरायचा असतो आणि तो विसरला तरी दंड तुम्हाला बसतो. शुल्क नाही. पुष्टी मिळाली की तिची प्रत फोनमध्ये ठेवा. घर बदलले तर पुन्हा नोंदणी.

दुसरी गोष्ट फोनची. स्थानिक सिम घातलेल्या परदेशी फोनची 30 दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते, त्याला शुल्क पडते. नाही केली तर स्थानिक नेटवर्क बंद होते, आणि ते नेमके पाचव्या आठवड्यात, टॅक्सी बोलवायच्या वेळी लक्षात येते.

भारत-अझरबैजान संबंध ताणलेले असताना जावे का?

2025च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षात अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि त्यानंतर भारतातल्या काही मोठ्या प्रवासी कंपन्यांनी तिथली आरक्षणे थांबवली. जायचे की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. व्यवहारापुरते एवढेच: परतावा मिळणारे तिकीट घ्या, परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा वाचा, आणि वर्गात राजकारणावर बोलायचे तर ‘मला याबद्दल बोलायचे नाही’ हे वाक्य आधी शिकून घ्या. काराबाख़ (ज्या प्रदेशावरून आर्मेनियाशी युद्धे झाली) हा विषय तर तिथे घराघरातला आहे. त्यावर मते मांडण्याइतकी भाषा आठ आठवड्यांत येत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी काही शिष्यवृत्ती?

अमेरिकी नागरिक असाल तर परराष्ट्र खात्याच्या क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिपच्या भाषांत अझरबैजानी अनेक वर्षे होती. दर वर्षीची यादी अर्जाआधी पाहा. नागरिकत्व नसलेल्यांना, म्हणजे विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना, ती मिळत नाही.

हवा आणि सुट्ट्या?

जुलै-ऑगस्टमध्ये पारा 30च्या वर राहतो. उत्तरेकडून येणारा थंड वारा म्हणजे ख़ॅज़्री, दक्षिणेचा उबदार तो गिलाव्हार. ख़ॅज़्री सुटला की छत्री उपयोगाची नाही. 15 आणि 26 जूनला सरकारी सुट्टी असते, त्या आठवड्यांत वर्ग भरून काढतात का ते विचारा.

संस्था निवडताना आणखी काय विचारावे?

वर्गात किती जण, आणि तुमच्या पातळीचे पुरेसे विद्यार्थी आले नाहीत तर काय? अझरबैजानी शिकणारे जगभरातच थोडे, त्यामुळे ‘मध्यम पातळी’चा वर्ग ऐन वेळी नवशिक्यांत मिसळला जातो. असे झाले तर वैयक्तिक तास देणार का, हे लेखी घ्या. पातळी ठरवण्याची चाचणी तोंडी आहे का तेही पाहा. नुसती लेखी असेल तर तुर्की येणारे वरच्या वर्गात पोचतात आणि तिथे तोंड उघडत नाहीत. संभाषण-जोडीदार बदलून मिळतो का? न पटणाऱ्या जोडीदाराबरोबरचे चाळीस तास दोघेही फोन बघत घालवतात.

बाकूजवळ देवनागरी कोरलेली आहे, हे खरे का?

खरे. सुराख़ानीच्या आतॅशगाह या अग्निमंदिरात व्यापारासाठी येणाऱ्या भारतीयांनी कोरवलेले शिलालेख आहेत. बहुतेक देवनागरीत, काही गुरुमुखीत, एक फारसीत. एकाची सुरुवात श्रीगणेशाच्या नमनाने होते आणि त्यावर संवत 1802, म्हणजे इसवी सन 1745 च्या आसपासचे वर्ष आहे. जमिनीतल्या वायूवर जळणारी मूळ ज्योत 1969 मध्ये विझली, आता नळाने आणलेल्या वायूवर जळते. भेट अर्ध्या दिवसात होते. वाटाड्या इंग्रजी बोलेल, त्याला अझरबैजानीत सांगायला लावा, आणि शिलालेख त्याला तुम्ही वाचून दाखवा.